हेमकळा अजून उंबऱ्यातच उभी आहे

दुर्गे, इकडे ये. अशी दाराशी उभी राहू नकोस, जवळ बस. मला आता मोठ्यानं बोलवत नाही. आणि आधी हे सांग, असं कोणी जातं का गं? चुलीपुढं बसून नाटक रंगवायचं, ऐकणारीला जागच्या जागी खिळवून ठेवायचं, आणि ऐन वेळी "पुढचं दुपारी सांगते" म्हणून निघून जायचं. मी तुझी थोरली जाऊ. रागवायचा हक्क माझा आहे आणि तो मी आज बजावणार. तू उत्तर देणार नाहीस हे मला ठाऊक आहे. होतीस तेव्हाही देत नव्हतीस. खाली बघून ओठांत हसायचीस, आणि तेच मला जास्त झोंबायचं.

घरात माणसं येऊन गेली. कल्याणातली आली, ठाण्याची आली. सगळ्यांचं बोलणं एकच. फार सोशिक होती हो. कधी तोंड वर करून बोलली नाही. मी मान हलवत होते. त्यांना काय सांगणार, की ही सोशिक बाई नाटकातल्या राजाला नाटकातून हाकलून देत होती, कवींच्या चुका काढत होती, आणि पळी आपटून माझ्या नवऱ्याचा सूर सुधारत होती? उठताना प्रत्येकीनं म्हटलं, "सुटली बिचारी." कशातून सुटली ते एकीनंही सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती म्हणून नाही सांगितलं.

म्हणून लिहायला बसले. माझं अक्षर तुला लागेल, दुसऱ्या कोणाला लागलं नाही तरी चालेल. आपण दोघी एकाच पोथीत अक्षर शिकलो. आठवतं ना? सासूबाई रोज म्हणायच्या ती पोथी ऐकून ऐकून आपल्याला पाठ झाली होती, आणि मग तिची छापील प्रत घरात आली. तू म्हणालीस, "बाई, तोंडात सगळं आहे, मग कागदावर कुठं काय ते सापडेलच की." सासूबाई वामकुक्षीला गेल्या की आपण प्रत उघडायचो. तू म्हणायचीस, मी बोट फिरवायची. तोंडातली ओवी संपली की बोटही शेवटच्या उभ्या रेघेशी यायला हवं. नाही आलं तर परत पहिल्यापासून. एकदा "रा" सापडला आणि मग आपण पानभर "रा" शोधत सुटलो, पोरी गजगे वेचतात तशा. शिकवायला कोणी नव्हतं म्हणून छडीही नव्हती. एवढंच सुख.

छापलेलं वाचता येऊ लागलं, आणि मग ध्यानात आलं की ओटीवर पुरुषमाणसं लिहितात ते सगळं मोडीत. ते वळणदार, एकात एक गुंतलेलं लिहिणं आपल्याला काही केल्या उकलेना. दूरदूरच्या राजाराण्यांचं काय झालं ते वाचता येत होतं, आणि आपल्याच घरात आपल्याविषयी काय ठरलंय ते वाचता येत नव्हतं. तू त्यावर हसली होतीस. मला त्या दिवशी हसू आलं नव्हतं.

माझ्या मुलानं ठाण्याच्या वाचनालयातून कादंबरी आणायला सुरुवात केली तेव्हा तर आपली भांडणंच लागली. मला ती जाडजूड कादंबरी आवडायची, जिच्यात एक गुणी मुलगी सावत्र आईचा छळ सोसते. मी तिच्यासाठी पदर भिजवायची. तू वाती वळता वळता म्हणायचीस, "बाई, हिला भूक कशी लागत नाही? इतकी पानं झाली, एकदा जेवली नाही."

"दुःखात आहे ती. दुःखात भूक कसली?"

"मला तर दुःखात जास्त लागायची. आणि संकट आलं की हिला मूर्च्छा येते. आपल्याला आली का कधी?"

"आपल्याला कुठली येणार?"

"तेच. वेळच मिळाला नाही."

हे सगळं तू इतक्या सरळ चेहऱ्यानं म्हणायचीस की मी आधी मान डोलवायची आणि मग मला कळायचं. कवितांचं तेच. युद्धावर निघालेल्या नवऱ्याला निरोप देणाऱ्या बाईची ती कविता मला अजून अख्खी येते, तिच्या डोळ्यांचं वर्णन वाचताना माझे डोळे भरायचे. तू म्हणालीस, डोळ्यांवर इतकं लिहिलंय, पण त्या डोळ्यांना काय दिसत होतं ते एका ओळीत नाही. त्यानंतर ती कविता मी जेव्हा जेव्हा म्हटली तेव्हा तेव्हा तुझं हे वाक्य मध्ये येऊन बसलं. माझी चांगली कविता तू नासवलीस. तरी तुझे उपकारच म्हणायचे, कारण तेव्हापासून मी प्रत्येक पुस्तकाला विचारते, बाई गं, तुला काय दिसतंय ते सांग.

मग हेमकळेचं नाटक आलं.

तळ्याकाठच्या मोकळ्या जागेत कंपनीनं मांडव घातला, आणि गावात दुसरा विषय राहिला नाही. बायकांसाठी एका बाजूला बांबूच्या कामट्यांचा चिकाचा पडदा लावून जागा केली होती. इकडून परवानगी मिळाली, मी गेले. तू येणार नव्हतीस, ते विचारायचीही कोणाला गरज वाटली नाही. धाकटे भावजी गेले आणि विशीच्या आत तुझ्या अंगावर विधवेचं आलवण आलं, त्या तांबड्या लुगड्यानं देवळात जाता येतं, कीर्तनाला बसता येतं, पण नाटकाच्या मांडवात ते दिसलं तर नाटक बाजूला राहून माणसं तुलाच बघत बसली असती. मी यांना एकदा विचारून पाहिलं होतं. म्हणाले, "माझं काही नाही गं. पण गावात तोंड दाखवायचं आहे मला." ते वाईट माणूस नाहीत हे तूही जाणत होतीस. वाईट असते तर रागवायला तरी सोपं गेलं असतं.

मी आले ती वेडीच होऊन आले. हेमकळेचं काम करणारा तो पोरगेला नट, त्याचं खरं नाव मला आजतागायत ठाऊक नाही, आम्ही सगळ्या त्याला हेमकळाच म्हणायचो. पदर खांद्यावरून घेऊन कमरेला खोचायची त्याची एक लकब होती. आठ दिवसांत अर्ध्या कल्याणच्या बायका तसा पदर खोचायला लागल्या. मीही. तू पाहिलंस आणि म्हणालीस, "बाप्याला बघून बाईनं बाईसारखं चालायला शिकायचं, हे बरं आहे." पण मग हळूच म्हणालीस, "मला दाखवा ना कसा खोचतो ते." मी दाखवलं. तू आलवणाचा पदर तसा खोचून पाहिलास, माजघराच्या कोपऱ्यात, आणि लगेच सोडलास.

नाटकाची गोष्ट मी तुला सांगायला बसले, तर तू माझ्या तोंडावर हात ठेवलास. म्हणालीस, सांगू नका, मी ऐकणार आहे. कुठं ऐकणार? तर घरातच. कारण नाटक उठून गेलं तरी पदं गावात राहिली होती. जो तो गुणगुणत होता. न्हाणीघरात यांचं बुरुजाचं पद सुरू व्हायचं, हेमकळा बुरुजात कोंडलेली असताना म्हणते ते, संथ आणि रडवं. तू चुलीशी असायचीस, मध्ये भिंत. भाताच्या वखारीवरचे हमाल रानातली पदं म्हणत जायचे, शब्द आपल्या मनानं घालून. आणि पहाटेचं पद, ज्यात हेमकळा राजवाडा सोडून निघते, ते उशिरा, गणपतीत, माझ्या ठाण्याच्या बहिणीचे यजमान आले तेव्हा त्यांनी म्हटलं. तू माजघरात पाटावर बसून ऐकलंस. हातातला तांदूळ तसाच राहिला.

हे आणि तू. किती वर्षं एका घरात काढलीत, थोरला दीर आणि धाकटी भावजय, एक शब्द समोरासमोर बोलला नाहीत. रीतच तशी. पण न्हाणीघरातून बुरुजाच्या पदाचा सूर घसरला की चुलीशी पळी वाजायची. ठण्‌. आत खोकला यायचा, आणि पद पुन्हा पहिल्यापासून. मी एकदा यांना विचारलं, "मध्येच थांबता का?" म्हणाले, "पळी वाजली ना." जणू यात सांगण्यासारखं काहीच नाही. तुमच्या दोघांचं तेवढंच बोलणं झालं जन्मात. पण झालं.

आणि एक दिवस तू म्हणालीस, नाटक जमलं. सांगते, ऐका.

दुर्गे, ते नाटक ऐकून मी कपाळाला हात लावला. खऱ्या नाटकात हेमकळा पहिल्याच अंकात पहाटे चोरपावलांनी राजवाडा सोडते, नवऱ्याच्या शोधात रान तुडवते, मग शत्रूच्या बुरुजात सापडते, आणि शेवटी नवरा येऊन कुलूप फोडून तिला घरी नेतो. तुझ्यापर्यंत पदं उलटी पोचली होती. आधी बुरूज, मग रान, शेवटी राजवाडा सोडणं. आणि तू ती तशीच्या तशी ओवली होतीस. बुरूज शत्रूचा नव्हेच, सासरचाच. हेमकळा पहिल्यापासून त्यातच. रानाची पदं? "रान तिनं पाहिलंच नाही बाई. खिडकीतून दिसतं तेवढं दिसतं, बाकीचं ती मनानं चालते." आणि शेवटी, सगळ्या शेवटी, ती निघते.

"आणि नवरा?"

"असेल कुठं तरी लढत. लढू दे."

"अगं पण राजाचं पद आहे तिसऱ्या अंकात."

"मग कोणी म्हणत का नाही? इतके पुरुष आहेत घरात आणि रस्त्यात, एकाच्या तोंडात नाही. ज्याचं पद कोणाच्या तोंडात बसलं नाही त्याला मी नाटकात कशाला ठेवू?"

आणि राजाचं काम करणारा खरोखरच बेसूर होता.

मी तुला खरी गोष्ट सांगून टाकली. मला वाटलं, आता ही मान्य करील. तू शांतपणे ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "मग त्यांनी चुकीचं लावलंय." असली तू सोशिक. नाटककारानं चुकीचं लावलं, कंपनीनं चुकीचं केलं, हजारो माणसांनी चुकीचं बघितलं, आणि कल्याणात चुलीशी बसलेल्या बाईला तेवढं बरोबर ठाऊक. पण दुपारी सगळ्या जणी वाती वळायला बसल्या की तू सांगायला लागायचीस, आणि मी, जिनं खरं नाटक डोळ्यांनी पाहिलं होतं, मीही तुझंच ऐकत बसायची. घरात सुना आल्या, त्याही बसू लागल्या. दर वर्षी नाटकात काही नवं यायचं. बुरुजातल्या खिडकीला गज आले. एक साळुंकी आली. सासू आली, तिचा आवाज तू असा काढायचीस की पोरी लोटपोट व्हायच्या.

एक गोष्ट तेवढी कधी आली नाही. हेमकळा निघते ती झोपलेल्या घरातून नाही, हे तू पहिल्या दिवशी ठरवलं होतंस. "चोरासारखी का जाईल? दिवसाढवळ्या जाईल. जेवणं झालेली, सगळी जागी, सासू ओटीच्या दाराशी पान लावतेय. ही येते आणि उंबऱ्यात उभी राहते. सासू विचारते, कुठं निघालीस? आणि ही सांगते."

"काय सांगते?"

"ते अजून बसलं नाही."

कितीदा विचारलं तुला. दर वेळी हेच. ते अजून बसलं नाही, बाई. आणि मग तू एकदम पहाटेच्या पदावर यायचीस, हेमकळा दुसऱ्या पहाटेला दूर रस्त्याला लागलेली असायची, आणि आम्ही सगळ्या पदात इतक्या गुंगायचो की मधली ती एक पायरी गाळलीस हे विसरून जायचो.

ठाण्याचं आठवतं का? आठवणारच. माझी बहीण माई तिथं आजारी पडली आणि तिच्या मदतीला आपण दोघी गेलो. आजारपणाला जायला तुला कधीच मनाई नव्हती. आगगाडी कळव्यापाशी खाडीच्या पुलावर आली तशी तू खिडकीला कपाळ टेकवलंस, आणि मिठागरांच्या पांढऱ्या ढिगांकडं बघत म्हणालीस, "हे मला कोणी पदात सांगितलं नाही." आणि दैव बघ, माईच्या घरामागच्या पटांगणात तीच कंपनी उतरलेली. रात्रीच्या खेळाला माईचे यजमान मला नेतो म्हणाले. तुझ्याविषयी कोणी काही म्हणालं नाही, तूही नाही. मी गेले नाही. पाय दुखतात म्हणून सांगितलं. तू मला विचारलंस, "कोणता?" आणि मी आधी डावा म्हटलं, मग उजवा.

पण दुपारी तालमी चालायच्या. माडीवरची मागची खिडकी पटांगणावर उघडायची, म्हणजे उघडायची नाही, कारण समोर परके पुरुष. फळीच्या फटीतून एका वेळी एकच डोळा लावता यायचा. आपण पाळीनं लावला. हेमकळा, आपली हेमकळा, धोतर गुडघ्याच्या वर खोचून, विडी ओढत खांबाला टेकलेली. तू जी हसत सुटलीस, मला तुझ्या तोंडात पदराचा बोळा कोंबावा लागला. मग मास्तरांनी टाळी वाजवली, त्यानं विडी विझवली, कानामागं ठेवली, आणि बुरुजाचं पद सुरू केलं. तुझं हसणं थांबलं. फटीवरची पाळी तू मला परत दिलीच नाहीस. मी नुसतं ऐकत बसले आणि तुझी पाठ बघत बसले.

बुरुजाचं झालं, रानाची झाली, आणि शेवटी पहाटेचं. त्यात तो कुठं तरी अडत होता म्हणून मास्तरांनी ते मागं ठेवलं असणार. तू वळलीस. तुझा चेहरा, दुर्गे, तो चेहरा मी कधी विसरायची नाही.

"बघितलंत? माझ्यासारखंच."

"अगं ती तालीम आहे. तालमीत काहीही आधी घेतात, काहीही मागून."

"तालमीतच खरं असतं. रात्री लोकांसाठी करतात."

खाली जमिनीवर एक दोरी आडवी टाकली होती, तो राजवाड्याचा उंबरा. तो पोरगा दोरीपाशी यायचा आणि पाऊल उचलून सहज पलीकडं जायचा. पुन्हा यायचा, पुन्हा जायचा. तू फटीतून ते बघत होतीस. मग म्हणालीस, "याला सोपं आहे. याला कोणी विचारत नाही, कुठं निघालीस."

परत आलो ते आलोच. त्यानंतर तुझं बाहेर जाणं देवळापर्यंत राहिलं.

आणि आता हे श्रावणातलं. ताप आला तेव्हा कोणाला काही वाटलं नाही. तूच म्हणालीस, येतो आणि जातो. मग उतरेना. मी उशाशी होते. सकाळी तुझे डोळे स्वच्छ होते, मला वाटलं उतार पडला. तू माझा हात ओढलास आणि म्हणालीस, "बाई, ते बसलं."

"काय बसलं?"

"हेमकळा काय सांगते ते. इतकं सोपं होतं."

मी म्हटलं, सांग. तेवढ्यात वैद्य आले. त्यांच्यामागून हे आले, दारापर्यंतच, आणि तू रीतीप्रमाणं पदर ओढून तोंड भिंतीकडं केलंस. वैद्यांनी नाडी बघितली, मात्रा दिली, पथ्य सांगितलं, सगळं सावकाश. त्यांना निरोप देऊन मी परत आले तर तुला गुंगी आली होती. "सांगशील ना?" तू म्हणालीस, "दुपारी. सगळ्या बसल्या की." दुपारी सगळ्या बसल्या होत्या, वाती वळायला नाही.

घर तसंच चाललंय. पाणी भरलं जातं, चूल पेटते, माझ्या किल्ल्या माझ्या कमरेला आहेत. न्हाणीघरात बुरुजाचं पद परवा पुन्हा सुरू झालं. मला वाटलं होतं हे आता म्हणणार नाहीत. म्हटलं त्यांनी, आणि नेहमीच्या जागी सूर घसरला, आणि ते थांबले. मी चुलीशी होते. पळी माझ्या हातात होती. मला वाजवता आली नाही, तो अधिकार माझा नव्हे. बराच वेळ आतून नुसता पाण्याचा आवाज आला. पद पुढं गेलं नाही.

काल दुपारी पोरी माझ्याभोवती बसल्या. माझी धाकटी सून गोदू, तुझी लाडकी, म्हणाली, "सासूबाई, काकूंचं नाटक तुम्ही सांगा. नाही तर ते जाईल." तिचं खरं होतं. कुठं लिहिलेलं नाही, कंपनी ते करणार नाही, उलटं लावलेलं नाटक कोण करतं? ते आता माझ्या डोक्यात तेवढं आहे. मी सुरू केलं. बुरूज सांगितला, साळुंकी सांगितली, माझा आवाज फाटका तरी पदं म्हटली. हेमकळा उंबऱ्यात आली. सासूनं विचारलं, कुठं निघालीस? आणि मी थांबले.

तू असतीस तर टाकून पुढं गेली असतीस. मला जाता येईना. तू सांगायचीस तेव्हा ते वाक्य बसलेलंच नव्हतं. आता ते बसलेलं आहे, एवढं मला ठाऊक आहे.

पोरींना धीर कुठला. एक म्हणाली, हेमकळा सासूच्या पाया पडते. दुसरी म्हणाली, रडते. गोदू म्हणाली, "नाही. ती म्हणते, दूध चुलीवर आहे, उतू जाईल, बघा. आणि जाते."

 चांगलं होतं ते, दुर्गे, फार चांगलं होतं. मी म्हटलं, "छान आहे. पण हे तुझं, तिचं नाही."

"मग सासूबाई, ती काय अशीच उभी राहणार?"

मी पुढची वात हातात घेतली. तेव्हा वातावरण हलकं करावं म्हणून असेल, गोदू हसून म्हणाली, "काकू सासूचं बोलणं कसं अगदी हुबेहूब तुमच्यासारखं काढायच्या, नाही? तो शेवटचा हेल सुद्धा. आम्ही म्हणूनच हसायचो." आणि मग तिनं जीभ चावली, बाकीच्या वातींत तोंड घालून बसल्या.

इतकी वर्षं मी पण हसत होते. सगळ्यांत मोठ्यानं मीच.

काल रात्री डोळा लागला नाही, पण तुला दोष देत नाही. मी विचार करत होते, दाराशी पान लावत बसलेली ती बाई मी असले तर हेमकळा मला काय म्हणाली असती. मी तुला कधी कोंडलं नाही, असं मला वाटत होतं. कुलूप कोणीच लावलं नव्हतं. पण किल्ल्या तर माझ्याच कमरेला होत्या, आणि "कुठं निघालीस" हे मी दिवसातून कितीदा विचारायची, परसात गेलीस तरी, मायेनंच विचारायची. तुला ते कसं ऐकू यायचं ते मी विचारलं नाही. तू म्हणालीस, इतकं सोपं होतं. सोपं म्हणजे काय गं? कडू सोपं की गोड सोपं? दुधाबद्दल होतं, की माझ्याबद्दल? तापात तुझा चेहरा हसरा होता, एवढ्या एका खुणेवर मी रात्रभर टेकून होते. सकाळी ती खूणही पुरेना.

मला दुखेल म्हणून ते मागं ठेवू नकोस. आपण कवितेवरून भांडलो, कादंबरीवरून भांडलो, राजावरून भांडलो, आणखी एक भांडण झालं म्हणून काय बिघडतं. उत्तर दिलंस तर उलट बरंच वाटेल मला.

तेव्हा ये. तिन्हीसांजेला नको, माणसं घाबरतात. दुपारची ये, जेवणं आटोपली की. हे पडलेले असतात, पोरी जमायच्या असतात, मी भिंतीला टेकून डोळे मिटते, तेवढ्या वेळात ये आणि कानात सांगून जा. कुठं निघालीस, कुठून आलीस, काही विचारणार नाही. फक्त फार दिवस लावू नकोस. माझंही वय झालंय. तू आली नाहीस तर ऐकायला मलाच तुझ्याकडं यावं लागेल, आणि मग इथं या पोरींना कोण सांगणार?